चक्रवाक रात्री खरंच वेगळे होतात का?

मृद्गंध | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी आईला घेऊन उजनीच्या बॅकवॉटरला, कुंभारगावला जाऊन आले. आई त्र्याहत्तर वर्षांची आहे, शाळेत संस्कृत शिकवायची. 'चक्रवाक' हा शब्द तिने फळ्यावर कितीदा लिहिला असेल, पण पक्षी कधी पाहिला नव्हता. मीही नाही.

सकाळी होडीतून गेलो. रोहित पक्ष्यांचा थवा लांब होता, सगळ्या होड्या तिकडे चालल्या होत्या. आमच्या नावाड्याने मात्र एका चिखलाच्या बेटापाशी वल्हं थांबवलं आणि म्हणाला, "मावशी, ही तुमची जोडी." भाजक्या विटेसारखा रंग, डोकं फिकट, सायीच्या रंगाचं, शेपूट काळी. दोघं एकमेकांना लागून उभे. उडाले तेव्हा पंखात एवढं पांढरं कुठून आलं तेच कळेना. आई बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री तिथेच एका घरी मुक्काम केला. साडेअकराच्या सुमारास पाण्यावरून आवाज यायला लागले. आंग्... आंग्... एक आमच्या बाजूने, दुसरा पार पलीकडून. आई उठून बसली. "ऐक, दोन काठांवर आहेत. अगदी लिहिलंय तस्सं."

संस्कृत कवींनी सांगितलंय की चक्रवाकाची जोडी दिवसभर एकत्र असते, सूर्य मावळला की नदीच्या दोन तीरांवर जाते आणि रात्रभर एकमेकांना हाका मारते. मी तो नुसता कविसंकेत समजत होते. चातक फक्त पावसाचं पाणी पितो, चकोर चांदणं पितो, त्यातलाच. पण मग आम्ही ऐकलं ते काय होतं? जाणकारांनी सांगावं. आई रोज विचारतेय, "काही उत्तर आलं का?"

टिवळा | १२ जानेवारी, रात्री ११:०५

सुंदर लिहिलंय. फोटो टाका ना. वाचतोय.

गोदाकाठचा | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

मी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात बारा-तेरा वर्षं जातोय. चापडगावच्या मनोऱ्यावरून हे पक्षी दर हिवाळ्यात दिसतात, म्हणून थोडं सांगतो.

चक्रवाक म्हणजेच ब्राह्मणी बदक. युरोपचा आग्नेय कोपरा, मध्य आशिया, मंगोलिया, तिबेट आणि आपलं लडाख, इथे ते उन्हाळ्यात वीण करतात. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात.

आता तुमच्या प्रश्नाचं. हिवाळ्यात हे पक्षी दिवसा मुख्यतः विश्रांती घेतात. वाळूच्या किंवा चिखलाच्या उघड्या पट्ट्यावर उभे राहतात, पाठीत चोच खुपसून डुलक्या काढतात. दिवसा आपल्याला जोडी जोडीनेच दिसते ती यामुळे. त्यांची खरी चराई रात्री. कोवळं गवत, धान्य, अंकुर, किडे, शिंपले, बेडूक, जे मिळेल ते. चरताना जोडीदार पांगतात आणि अंधारात एकमेकांचा ठावठिकाणा लागावा म्हणून आवाज देत राहतात. मला वाटतं कवींनी जे ऐकलं ते अगदी बरोबर ऐकलं. विरह त्यांनी पदरचा घातला.

मृद्गंध | १३ जानेवारी, सकाळी ९:१५

@गोदाकाठचा, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे ती नोकरीवर जातात आणि फोन करत राहतात." :)

साधं_सरळ | १३ जानेवारी, सकाळी ११:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्याकडे प्रत्येक जुन्या संकेतामागे विज्ञान शोधायची सवय लागलीय. चातक तळ्याचं पाणी पीत असणारच, चकोर दाणे टिपतो. मग चक्रवाकालाच सूट का? कवीला विरहाचं चित्र हवं होतं, त्याने एक देखणा पक्षी उचलला. रात्री बदकं ओरडली म्हणून दोन तीरांची गोष्ट खरी ठरत नाही.

शब्दवेल्हाळ | १३ जानेवारी, दुपारी १:५०

@साधं_सरळ, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण एक गंमत बघा. सर्वात जुन्या उल्लेखांत हा विरह नाहीच! अथर्ववेदात विवाहाच्या सूक्तात नवदांपत्याला आशीर्वाद आहे, या दोघांना चक्रवाकाच्या जोडीसारखं एकत्र ठेव असा. ऋग्वेदातही अश्विनीकुमारांना ज्या जोड्यांची उपमा दिलीय त्यात चक्रवाक आहेत. म्हणजे आधी हा पक्षी जोडीने राहण्याचाच दाखला होता. रात्रीची ताटातूट नंतरच्या काव्यात आली आणि मग इतकी रुळली की पहिला अर्थ मागे पडला.

नावाचंही तसंच. अमरकोशात कोक, चक्र, चक्रवाक, रथांग अशी नावं आहेत. रथांग म्हणजे रथाचं चाक. चाकाच्या करकरण्यावरून हे नाव पडलं असं म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांचा कान पक्ष्याच्या आवाजावर होता, एवढं तरी त्यातून दिसतं. चातक-चकोराच्या गोष्टी पिण्याच्या आहेत, ही ऐकण्याची आहे. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

भटकी_मनी | १३ जानेवारी, दुपारी २:१०

लहानपणी आजी सांगायची, सीतेसाठी शोक करणाऱ्या रामाला चक्रवाक हसले, म्हणून त्याने शाप दिला की तुम्हालाही रोज रात्री हे भोगावं लागेल. मी खूप रडले होते. ती चरायला जातात हे वाचून आज इतक्या वर्षांनी बरं वाटलं.

रानमाणूस_इंदापूर | १३ जानेवारी, रात्री ८:४५

चरायला जात्यात हे शंभर टक्के खरं. कुठं जात्यात ते मला विचारा. माझ्या रानात!

आमची जमीन धरणात गेली. आता पाणी ओसरंल तशी जी जमीन उघडी पडती तिच्यात गाळपेर करतो. हरभरा, गहू, थोडी मका. गाळ असा की खत नको. हरभरा उगवून दोन पानांवर आला की रात्री ही पाखरं उतरत्यात. सकाळी बघावं तर ओळीच्या ओळी खुडलेल्या. पायाचे ठसे आणि विष्ठा. मागल्या साली दोनदा पेरलं.

पुण्यावरनं येणाऱ्या लोकास्नी ती लई देखणी दिसत्यात. हायतच देखणी. पण आमची बाजूबी कुणीतरी लिहावी म्हणून लिहिलं.

मृद्गंध | १३ जानेवारी, रात्री ९:३०

दादा, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सांगितलंत ते फार चांगलं केलंत. तुम्ही काय करता मग? हाकलता कसे?

रानमाणूस_इंदापूर | १३ जानेवारी, रात्री ९:५५

डबा वाजवायचा, बॅटरी मारायची. चमकणारी फीत बांधली की आठ दिवस घाबरत्यात, मग तिच्याखालीच चरत्यात. पट्टकादंबबी येत्यात संगं, ती तर कळपानं. उशिरा पेरलं तर पीक जरा बचावतं, पण मग पाणी लांब जातं आणि मोटरीला पाइप वाढवावा लागतो. मारायचं तर नावच नको, कायद्यानं बंदी हाय आणि आमच्या घरात तसं कुणी करत बी नाही. वडील म्हणायचे, पाखरू दोन घास खातं, नदीनं तर आख्खं गाव खाल्लं.

टिवळा | १३ जानेवारी, रात्री १०:०२

शेवटचं वाक्य काळजात गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाण्यातून वर आलेलं पाहिलंय, तेव्हा असंच काहीसं वाटलं होतं.

गोदाकाठचा | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

रानमाणूस म्हणतात तो प्रश्न आमच्याकडेही आहे. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ती बातमी जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण काठावरचा शेतकरी पक्ष्यांना वर्षानुवर्षं खाऊ घालतोय, त्याचा हिशोब कुठल्या फलकावर नाही. पक्षीगणनेला जाणाऱ्यांनी बांधावर थांबून दोन शब्द बोलावं, पीक तुडवू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पहाटराग | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

संक्रांतीच्या शुभेच्छा! थोडं अवांतर. कर्नाटक संगीतात 'चक्रवाकम्' नावाचा सोळावा मेळकर्ता (म्हणजे मूळ, जनक) राग आहे, आणि त्याचे स्वर आपल्या अहिर भैरवाशी जुळतात. अहिर भैरव पहाटेचा. म्हणजे जोडी परत भेटायच्या वेळेचा! मला माहीत आहे की हा योगायोग असेल, पण आता अहिर भैरवाची आलापी ऐकताना पाण्यावरचं धुकं दिसल्याशिवाय राहणार नाही.

बाराखडी | १४ जानेवारी, सकाळी १०:१५

अवांतरात माझी भर. हिंदीत 'सुरखाब के पर लगे हैं क्या' म्हणतात ना, तो सुरखाब म्हणजे हाच. आणि हिंदीतला 'चकवा-चकवी' मधला चकवा पण हाच. आमच्याकडे कोकणात चकवा लागला म्हणजे माणूस रात्रभर एकाच शेताला फेऱ्या मारतो. तेव्हा रात्री हरभऱ्याच्या रानात फेऱ्या मारणाऱ्या पक्ष्याला चकवा म्हणणं अगदी चपखल आहे. :D

आल्प्सवासी | १४ जानेवारी, दुपारी ४:४०

स्वित्झर्लंडहून. हा धागा वाचून उडालेच. आम्ही राहतो तिथून क्लिंगनाऊचा जलाशय जवळ आहे, तिथे हे पक्षी उन्हाळ्यात शेकड्यांनी जमतात. पिसं झडून नवी यायला महिनाभर लागतो, त्या काळात त्यांना उडता येत नाही, म्हणून मोठ्या पाण्याचा आसरा घेतात.

पण इथे त्यांची ओळख वेगळी आहे. पाळलेल्या, पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची ही पिढी, म्हणून परकी प्रजात म्हणतात. कोठारांवर घुबडांसाठी लावलेल्या पेट्या बळकावतात अशी तक्रार असते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा जर्मन नाव सांगितलं गेलं, रोस्टगान्स, म्हणजे गंजाच्या रंगाचा हंस. बारावीच्या संस्कृतच्या पुस्तकातला चक्रवाक तो हाच, हे मला आज कळतंय. इतकी वर्षं शेजारी होता!

हिमशिखर | १४ जानेवारी, रात्री ९:२०

लडाखमध्ये जून-जुलैत पाहिलेत. हानलेकडे जाताना आणि त्सो कारच्या काठी. तिथे यांची घरटी पाण्यावर नसतात. कड्यातल्या कपारी, जमिनीतली बिळं, कधी पाण्यापासून बरीच लांब. आठेक अंडी. मादी एकटी साधारण चार आठवडे उबवते, नर बाहेर राखण करतो. पिल्लं मात्र दोघं मिळून सांभाळतात. आम्ही पाहिलं ते कुटुंब असं होतं: आई पुढे, काळ्या-पांढऱ्या पिलांची रांग मधे, आणि बाप सगळ्यात मागे, आमच्याकडे बघून सारखा ओरडत.

तिथल्या लोकांच्या मनात या पक्ष्याला मान आहे. भिक्षूंच्या वस्त्राचा रंग आणि याचा रंग एक. तिबेट-मंगोलियात त्याला पवित्र मानतात, कोणी त्रास देत नाही, त्यामुळे माणसाला फारसा बिचकतही नाही.

आणि उड्डाण! एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी १५ पक्ष्यांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून माग काढला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हिमालयाच्या रांगा ओलांडताना ६,८०० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली. कळसूबाई १,६४६ मीटर. चार कळसूबाई एकावर एक ठेवा, त्याच्याही वर. उजनीचे पक्षी नेमक्या कुठल्या खिंडीतून येतात हे त्या यंत्रांनी सांगितलेलं नाही, पण कुठून तरी एवढा हिमालय पार करूनच येत असणार. रानमाणूस दादांचा हरभरा म्हणजे मला तरी त्या प्रवासाची शिदोरी वाटते.

रानमाणूस_इंदापूर | १४ जानेवारी, रात्री ९:४८

शिदोरी म्हणताय तर म्हणा. बियाण्याची पिशवी कुणीतरी द्या म्हंजे झालं. :)

साधं_सरळ | १५ जानेवारी, सकाळी १०:००

शब्दवेल्हाळ यांचं म्हणणं मला पटलं, वेदातला उल्लेख माहीत नव्हता. तरी मूळ शंका उरतेच. पांगून चरणं वेगळं आणि दोघं दोन तीरांवर असणं वेगळं. कुणी प्रत्यक्ष, एकाच जोडीवर लक्ष ठेवून, रात्री पाहिलंय का?

नावाडी_कुंभारगाव | १५ जानेवारी, रात्री ११:१०

मी पाहिलंय. मृद्गंध ताईंच्या होडीवर माझा चुलत भाऊ होता.

आम्ही मासेमारी करणारी माणसं. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे चारला काढायची. चिलापी जास्त, नशीब असलं तर कटला. त्यामुळे रात्रीचं पाणी आमच्या रोजच्या बघण्यातलं. चक्रवाक अंधार पडल्यावर उडतात, ओरडत ओरडतच. एका वर्षी एका जोडीतली मादी पायाने लंगडी होती, म्हणून ओळखू यायची. चेहरा जास्त पांढरा ती मादी. नराच्या गळ्यात काळी रेघ असते, पण ती थंडीत नीट दिसत नाही, जायच्या दिवसांत ठळक होते.

ती लंगडी बहुतेक बेटाच्या कडेलाच चरायची, कारण चिखल मऊ. नर रानात जायचा. कधी पन्नास पावलांवर, कधी पार करमाळ्याच्या बाजूला. मधे सगळं पाणी. ती ओरडायची, तो उत्तर द्यायचा. मादीचा आवाज जाड आणि मोठा, नराचा जरा बारीक, सवयीने कळतो. उजाडायच्या आत तो परत यायचा. रोज दोन काठ व्हायचे असं नाही, पण व्हायचे. तेव्हा साधं_सरळ साहेब, दोन्ही खरं.

एक विनंती आहे. काही पाहुणे नावाड्याला जास्त पैसे देऊन सांगतात, जवळ घे, उडव, उडतानाचा फोटो पाहिजे. दिवसा ते झोपेत असतात. दहा होड्यांनी दहा वेळा उडवले तर झोपणार कधी? आम्ही काही जणांनी ठरवलंय, मशीन लांबच बंद करायचं आणि वल्ह्याने जायचं. तुम्हीही तसंच सांगा.

साधं_सरळ | १५ जानेवारी, रात्री ११:३२

उत्तर मिळालं. लंगड्या मादीची गोष्ट विसरणार नाही. आभार.

बाराखडी | १६ जानेवारी, सकाळी ८:०५

म्हणजे मादी पुणे जिल्ह्यात आणि नर सोलापूर जिल्ह्यात! आमच्या ओळखीत बदलीवाले शिक्षक नवरा-बायको आहेत, त्यांना हा धागा पाठवतेय.

शब्दवेल्हाळ | १६ जानेवारी, सकाळी ९:४०

नावाडी दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून ज्ञानेश्वरी काढली. सोळाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानसूर्याचं रूपक आहे. त्यात भेदनदीच्या दोन थड्यांवर बुद्धी आणि बोध विरहाने आरडत असतात, आणि सूर्य उगवला की त्या चक्रवाकांचं मिथुन एक होतं. 'आरडत' हे क्रियापद आजवर मला फार कठोर वाटायचं, एवढ्या कोमल ठिकाणी. आता वाटतं, हा पक्षी कुजबुजत नाहीच. तो आरडतोच. गोदेच्या काठी हा आवाज माउलींच्याही कानांवर पडला असेल का, असं मनात येऊन गेलं.

कानोसा | १६ जानेवारी, दुपारी १२:२०

रात्री आवाज एवढा लांबून कसा येतो याबद्दल थोडं. वारा पडलेला असतो, मोटारी-पंप बंद. शिवाय थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज विरून न जाता पुन्हा खाली वळतो. पलीकडच्या काठाचा पक्षी म्हणूनच उशापाशी बोलल्यासारखा वाटतो. आवाज रेकॉर्ड करणार असाल तर पहाटे तीन ते पाच ही वेळ उत्तम.

करमळीकार | १७ जानेवारी, रात्री ८:००

आमच्या गोव्यात करमळीच्या तळ्यावर अडई भरपूर, तलवार बदकं येतात, पण चक्रवाक मी तरी कधी पाहिला नाही. पुढच्या थंडीत कुंभारगाव पक्कं.

मृद्गंध | २३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

धागा वर काढतेय, कारण आम्ही पुन्हा जाऊन आलो.

आईचा हट्टच होता. पहाटे चारला नावाडी दादांच्या होडीत बसलो, शाल, कानटोपी, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. पाणी जानेवारीपेक्षा खूप खाली गेलंय. मशीन सुरू केलंच नाही. वीसेक मिनिटं काहीच नाही, फक्त वारकरी पक्ष्यांची लगबग. मग डावीकडून जाड आवाज. मी मनात मोजत होते. सात हाकांना उत्तर आलं नाही. आठवीला आलं, खूप लांबून, बारीक. मग तो आवाज प्रत्येक वेळी थोडा जवळ. आमच्या डोक्यावरून पंखांचा आवाज गेला, दिसलं काहीच नाही. उजाडलं तेव्हा गाळाच्या टोकावर दोघं उभे, एक मान खाली घालून दुसऱ्याभोवती फिरत होता. नराच्या गळ्यात काळी रेघ उमटायला लागली आहे.

आईने शब्दवेल्हाळ यांच्यासाठी निरोप दिलाय: "मी तीस वर्षं मुलांना विरह शिकवला. वेदातला मंत्र मला ठाऊक होता, पण कधी सोबत शिकवला नाही. तो आधी शिकवायला हवा होता."

रेकॉर्डिंग बरं आलंय, उद्या दुवा देते. आणि रानमाणूस दादा, आम्ही तुमच्या बांधावरून गेलो बहुतेक. हरभरा छान दिसत होता, फक्त पाण्याकडच्या चार ओळी विरळ होत्या.

रानमाणूस_इंदापूर | २३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

त्याच माझ्या. औंदा पाण्याकडच्या चार ओळी त्यांच्यासाठीच दाट पेरल्या होत्या, बाकीच्यांना कमी लागलं. पुढच्या साली सहा पेरून बघतो.

आणि ताई, बांधावरनं गेलात तर हाक मारायची की. घाटे भरलेत. आईंना डहाळे खायला घेऊन या, आठवड्याभरात काढणी हाय.